थोरल्या माळावर पोकलेन नेऊ नका: आपल्या गावाच्या मुंबई मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि सर्व सभासद,
आपल्या गावाचे मुंबई मंडळ

स. न. वि. वि.

जुलैमधल्या रविवारी परळच्या हॉलमध्ये आपली सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिकेवर सातवा विषय होता, ‘गावच्या माळावर जलसंधारण व वृक्षारोपण’. गुणवंत मुलांचे सत्कार लांबले होते, जेवणाची घाई होती, आणि वीस मिनिटांत ठराव मंजूर झाला. दिवाळीनंतर पोकलेन लावून थोरल्या माळावर सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे लांबच लांब चर, खणायचे, चरांच्या वरंब्यावर दहा हजार झाडे लावायची, एका कंपनीचा सीएसआर निधी त्यासाठी घ्यायचा आणि मंडळाने आपले दोन लाख घालायचे. मी उभा राहून दोन वाक्ये बोललो. ‘तुमचे म्हणणे लेखी द्या,’ असे मला सांगण्यात आले. लेखी दिले. तीन आठवडे झाले, उत्तर नाही.

म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो आहे. मुंबईत आपल्यासारखी गावोगावची मंडळे आहेत, आणि कोरड्या भागातल्या गावांना पाण्यासाठी पैसा देणाऱ्या कंपन्यांची ऑफिसेही इथेच आहेत. त्यांनीही हे वाचावे. गावाचे नाव आणि कोणाचेही नाव मी लिहिलेले नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही. मला माळ वाचवायचा आहे.

आधी मी कोण ते सांगतो, कारण नव्या सभासदांपैकी बरेच जण मला ओळखत नाहीत. १९८६ साली मी गावाहून चुलत्याच्या लालबागच्या खोलीवर आलो. १९९२ ते २०२३ अशी एकतीस वर्षे महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला होतो. पहाटे साडेतीनला खांद्यावर लोखंडी चावी घेऊन निघायचे, रस्त्यातले झाकण उचलायचे, आटे मोजत व्हॉल्व्ह उघडायचा आणि चाळीतल्या नळांना पाणी सोडायचे. दोन तासांनी पुन्हा बंद करायचा. पाण्याची वाट पाहणारी माणसे मी रोज पाहिली आहेत. त्यामुळे ‘हा पाण्याच्या कामाला विरोध करतो’ असे सभेत कोणीतरी म्हणाले, ते मला फार लागले. १९७२च्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. आपल्या गावाचा पाझर तलाव त्या वर्षी दुष्काळी कामातून झाला, त्याच्या भिंतीची माती आमच्या आईने पाट्यांनी वाहिली आहे. तिच्या डोक्यावर चुंबळीच्या जागी केस शेवटपर्यंत विरळ होते. गावाला पाणी नको असे मी कसे म्हणेन?

माझे म्हणणे एवढेच आहे की पाण्याच्या नावाने आपण जो माळ खणायला निघालो आहोत, तोच आपल्या गावाचे पाणी धरून आहे. आणि त्याच माळावर असा एक पक्षी जगत आला, जो साऱ्या देशात मिळून आता दीडशेच्या आत उरला आहे.

त्या पक्ष्याचे नाव सभेत मी घेतले तेव्हा पाठीमागून आवाज आला, ‘माळढोक आता आहे कुठे?’ प्रश्न बरोबर आहे. उत्तरही द्यायला हवे.

१९७७ सालच्या श्रावणात मी आज्याबरोबर थोरल्या माळावर शेरडे राखत होतो. सकाळचे धुके होते. अचानक लांबून एक खोल आवाज आला, रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणी ‘हूम’ म्हणावे तसा. आज्याने माझा दंड धरून मला खाली बसवले. समोरच्या टेकाडावर मीटरभर उंचीचा पक्षी उभा होता. काळी टोपी, पांढरी मान, गळ्याची पिशवी फुगून जवळजवळ गवताला टेकलेली, शेपूट पाठीवर उलटलेली. पुन्हा हूम झाले. आपल्याकडची जुनी माणसे त्याला ‘हूम’च म्हणतात, ते त्या आवाजावरून. पुढच्या आठवड्यात आज्याला गवतात अंडे दिसले. एकच अंडे, उघड्या जमिनीवर, ना काडी ना घरटे. मातकट हिरवे आणि त्यावर तपकिरी डाग. आज्याने तिथून बरेच लांब तीन धोंडे मांडून खूण केली आणि महिनाभर शेरडे त्या अंगाला जाऊ दिली नाहीत. अंडे उबायला २७ दिवस लागतात, मादी वर्षाला बहुधा एकच घालते, हे मी पुढे वाचले. आज्याला ते कोणी सांगितले होते कोण जाणे.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९७९ साली, नान्नजच्या आसपासचे माळढोक अभयारण्य झाले. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात. एवढ्या जमिनीत शहरे होती, साखर कारखाने होते, लोकांची वहितीची शेते होती. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली, लग्नाकार्याला, दवाखान्याला जमीन विकता येईना, आणि लोकांचा राग त्या पक्ष्यावर निघाला. तो राग मी आमच्याच घरात ऐकला आहे आणि तो खोटा नव्हता. पुढे हद्द कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली, त्यात आपला थोरला माळ बाहेर राहिला. तेव्हा गावाने पेढे वाटले. आज त्या माळाला कोणत्याही अभयारण्याचे कवच नाही. त्याला वाचवायचे की नाही हे आता फक्त आपल्या हातात आहे, म्हणून ही जबाबदारी मला जास्त वाटते.

नान्नजला आता एखादा माळढोक दिसला तरी पेपरात बातमी येते. आपल्या माळावर कित्येक वर्षांत कोणी पाहिलेला नाही, हे मी मान्य करतो. पण हा पक्षी एका जागी बसणारा नाही, पाऊस आणि गवत बघून तो लांब लांब फिरतो. फिरायला सलग माळच राहिले नाहीत तर तो उतरणार कुठे? अंगाने दहा-पंधरा किलोचा, समोरचे नीट न दिसणारा. विजेच्या तारा चुकवणे त्याला जमत नाही. राजस्थानात आणि गुजरातेत तारांवर आपटून हे पक्षी मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली तारा जमिनीखाली नेण्याचा विषय हाती घ्यावा लागला. जैसलमेरकडे अंडी यंत्रात उबवून पिल्ले वाढवण्याचे काम २०१९पासून चालू आहे. एवढी खटपट करून वाढवलेली पिल्ले उद्या सोडायची म्हटली तर देशात गवताळ माळ शिल्लक असायला हवेत.

आणि माळ काही रिकामा नाही. गेल्या पावसाळ्यात मी चार दिवस गावी होतो. धाविक पाहिले, माळटिटवी पाहिली, चंडोल तर डोक्यावर गात होते. लांडग्याचा माग ओढ्याच्या ओल्या मातीत ताजा होता. हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे किंवा उघड्या माळावर जगणारे जीव आहेत. झाडांच्या रांगा लावल्या की कावळे आणि शिकारी पक्ष्यांना बसायला जागा होते, माळढोकाला चारी बाजूंचे दिसेनासे होते आणि तो ती जागा सोडतो. झाड ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती त्याच्या घरात नको.

आता पाण्याचे सांगतो. त्यातले मला थोडे कळते.

आपण मुंबईत सात तलावांचे पाणी पितो. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा, तानसा १८९२चा. विहार-तुळशीच्या भोवतालचे जंगल पाण्यासाठीही राखले आहे, त्याला कोणी पडीक म्हणत नाही. इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून निसर्गाने पाणलोटावर जंगल घातले. आपल्या गावाकडे पाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो, तोही चार-सहा जोरदार सरींत. तिथे निसर्गाने गवत घातले आहे. पवन्या, मारवेल, कुसळी. इथे जंगल जे काम करते, तिथे तेच काम गवत करते. सातबाऱ्यावर मात्र त्याच जमिनीला ‘पोटखराबा’ नाहीतर ‘पड’ लिहिलेले असते, आणि आपण ते वाचून तिला खराब समजतो.

पाणी खात्यात नव्या माणसाला पहिली गोष्ट शिकवतात: व्हॉल्व्ह एकदम फिरवायचा नाही, आटे मोजून हळू. एकदम फिरवला की जुनी लाइन फुटते. माळावर पडणाऱ्या सरीला हळू करणारा व्हॉल्व्ह म्हणजे गवताचा थोंब. वीतभर मातीत मुळ्यांचे जाळे, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा दगड. पाणी थोंबाला अडते, मुळीबरोबर खाली उतरते, भेगांतून झिरपत जाऊन खालच्या विहिरींना येते. त्या चार दिवसांत एक मोठी सर झाली तेव्हा मी दोन बाटल्या भरल्या, एक माळावरून ओढ्यात उतरणाऱ्या पाण्याची आणि एक शेजारच्या नांगरलेल्या रानातून येणाऱ्या पाण्याची. लालबागला आणून खिडकीत ठेवल्या. रानातल्या पाण्याच्या बाटलीत तळाला दोन बोटे गाळ बसला. माळाच्या बाटलीत नखाएवढी रेघ. बाटल्या अजून तिथेच आहेत, कोणीही येऊन बघावे.

चर खणणे मुळातच वाईट आहे असे मी म्हणत नाही. ‘माथा ते पायथा’, म्हणजे पाणी अडवायचे काम वरून सुरू करून खाली आणायचे, हे तत्त्व खरे आहे. उघडा-बोडका डोंगर, माती वाहून गेलेली, गवताची काडी नाही, तिथे समतल चर मोठे काम करतात. हिवरे बाजारच्या डोंगरांवर ते केले आणि त्याचा उपयोग झाला. पण आपल्या माळाला धड उतार नाही आणि त्यावर गवत उभे आहे. तिथे दोन फूट रुंदीचा चर मारला की मुळ्यांचे जाळे तुटते, मुरूम वर येतो, वरंब्याखाली गवत गाडले जाते. मोकळ्या झालेल्या मुरमावर पहिल्या पावसात काय उगवते ते शेजारच्या गावात जाऊन पाहा: गाजर गवत. पोकलेनच्या पट्ट्यांखाली जमीन दाबली जाते ती वेगळीच. आणि लावलेली झाडे जगवायला दोन-तीन उन्हाळे टँकर लागणार. ज्या गावाला पाणी हवे म्हणून आपण वर्गणी काढतो, त्या गावात माळावर टँकर चढवायचा, हे मला समजत नाही.

कुसळीचे बी कधी तळहातावर घेऊन पाहिले आहे? वाळलेले असताना त्याची शेपटी दोरीसारखी पिळलेली असते. त्यावर थेंबभर पाणी टाका. पीळ उलगडू लागतो, बी हातावर फिरते आणि त्याचे टोक कातडीत शिरू पाहते. पहिल्या पावसात ते अशाच रीतीने जमिनीत शिरते, स्वतःच पेरले जाते. आपल्या माळाला रोपवाटिकेची गरज नाही.

माझ्या तक्रारी आता एकेक मांडतो.

पहिली, ज्यांचा माळाशी रोजचा संबंध आहे त्यांना आपण विचारलेच नाही. दरवर्षी मेंढरे घेऊन येणारे धनगर, भारे कापून नेणाऱ्या बायका, शेरडांवर घर चालवणाऱ्या विधवा. ठराव परळला झाला, ग्रामसभा गावात झालीच नाही. गायरान गावाचे आहे, मंडळाचे नाही.

दुसरी, सभेत पडद्यावर जो फोटो दाखवला तो मे महिन्यातला होता. मे महिन्यात गवत वाळून पिवळे असते, ते मेलेले नसते. श्रावणातला फोटो दाखवला असता तर ‘उजाड माळ हिरवा करू’ हे वाक्य कोणाच्या तोंडून निघाले नसते.

तिसरी, तीन वर्षांपूर्वी गावठाणाच्या वरच्या अंगाला मंडळाने लावलेली दीड हजार झाडे. किती जगली याचा हिशोब आजतागायत सभेपुढे आलेला नाही. मी मोजली. एकशे चाळीस. त्यातली बहुतेक गिरीपुष्पाची. कोणी पैसे खाल्ले असे मी म्हणत नाही, तसा मला संशयही नाही. पण मागचे मोजल्याशिवाय पुढचे दहा हजार कसे लावायचे?

चौथी तक्रार बोलायला जड आहे, कारण ती माझ्या घरापर्यंत येते. पाण्याच्या या सगळ्या चर्चेत ‘ऊस’ हा शब्द कोणी उच्चारला नाही, ‘बोअर’ हाही नाही. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने दाखवून दिले आहे की महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीपैकी जेमतेम ४ टक्क्यांवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यातला सुमारे ७० टक्के वाटा तो घेतो. माझ्या धाकट्या भावाचा दोन एकर ऊस आहे. आपल्या कार्यकारिणीतल्याही कित्येकांच्या घरचा आहे. भावाशी मी बोललो. तो म्हणाला, ‘दादा, ज्वारीला भाव दे, उद्या ऊस मोडतो.’ त्याचे खरे आहे, आणि एका मंडळाने ऊस बंद होणार नाही. पण हिवरे बाजारने चरांबरोबर आणखी काय केले तेही सांगा ना सभेत: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरला बंदी, आणि दरवर्षी पावसाचे पाणी मोजून ग्रामसभेत त्याचा ताळेबंद, मग ठरते कोणते पीक घ्यायचे. यातल्या कशालाच पोकलेन लागत नाही. म्हणूनच बहुधा फोटोसाठी ते उपयोगाचे नसावे.

सरकारकडेही माझे मागणे आहे, थोडक्यात लिहितो. गवताळ माळांना पडीक म्हणून नोंदवणे थांबवा. पाणलोटाच्या आराखड्यात ‘गवताळ माळ, खणू नये’ असा वेगळा रकाना करा. आणि माळ राखणाऱ्या गावांना त्याबद्दल पैसे द्या. अभयारण्याच्या काळात बंधने गावांनी सोसली आणि पदरात काही पडले नाही, ती चूक पुन्हा नको.

मंडळाकडे माझ्या मागण्या अशा.

सातवा ठराव स्थगित करा. पोकलेनवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका. कंपनीला लिहा की निधी हवा आहे, काम बदलले आहे. कंपनीला गावाच्या पाण्याशी मतलब असेल तर ती नाही म्हणणार नाही.

तो पैसा १९७२च्या पाझर तलावाचा गाळ काढायला वापरा. मी गेल्या वर्षी तलाव आटल्यावर सहा ठिकाणी कांब खोचून पाहिली. कुठे तीन फूट, कुठे पाच फूट गाळ आहे. तो काढला तर तलावात पाणी वाढेल आणि गाळ ज्यांच्या हलक्या जमिनी आहेत त्यांच्या रानात जाईल. त्याच्यावरच्या ओढ्यात दगडी बांध घाला, म्हणजे पुन्हा गाळ भरणार नाही. शेतांचे फुटलेले बांध दुरुस्त करा. माती तिथूनच येते, माळावरून नव्हे. बाटली माझ्या खिडकीत आहे.

झाडे जरूर लावा. शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठाला, शाळेत, स्मशानभूमीत. कडुनिंब, बाभूळ, बोर. दहा हजार नकोत, पाचशे पुरे, आणि दरवर्षी मोजा.

माळावर काहीही करण्याआधी गवताळ माळ जाणणाऱ्या माणसांना तो दाखवा. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३पासून याच मुंबईत आहे, लालबागहून बसने अर्ध्या-पाऊण तासावर. तिच्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात नान्नजला राहून माळढोकाचा अभ्यास केला आहे. डॉ. सालिम अली याच शहरात राहात, त्यांनी माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करावे असे सुचवले होते. १९६३ साली मान मोराला मिळाला. आपण आपल्याच गावच्या पक्ष्याबद्दल विचारायला कधी त्या दारात गेलो नाही. माझ्याबरोबर कोणी येणार असेल तर मी वेळ मागून घेतो.

आणि शेवटचा निर्णय ग्रामसभेत होऊ द्या, धनगर गावात असतील त्या दिवसांत.

माझी यंदाची वर्गणी मी भरली आहे आणि मंडळ सोडण्याचा माझा विचार नाही. गाळ काढायच्या कामाला माझ्या पेन्शनीतून पंचवीस हजार रुपये देतो, ते या पत्राच्या प्रतीबरोबर खजिनदारांकडे धनादेशाने पाठवले आहेत.

एक विनंती राहिली. ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी थोरला माळ पावसाळ्यात शेवटचा कधी पाहिला ते आठवून बघावे. आता श्रावण चालू आहे, गवत गुडघ्याला लागले असेल. या शुक्रवारी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसची चार तिकिटे मी काढून ठेवली आहेत, एक माझे आणि तीन कार्यकारिणीसाठी. शनिवारी सकाळी सोलापूरला उतरू, भाऊ जीप घेऊन येईल. रात्री मुक्काम आमच्या घरी, रविवारी उजाडायच्या आत माळावर. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत मला नावे कळवावीत आणि जुने बूट आणावेत, कुसळे लागतात.

आपला,
मंडळाचा १९८७पासूनचा सभासद
लालबाग, मुंबई